माझ्याकडे कोणी चोरी करत नाही

आमच्या डिचोलीत एखाद्या बाईच्या हाताला झाडं कशी लागतात हे जाणून घ्यायचं असेल, तर तिच्या कुंड्या बघायच्या नाहीत. तिच्याकडच्या फांद्या किती वेळा चोरीला गेल्या ते विचारायचं. जिच्या बल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावरून, आल्यागेल्याने कधी काही खुडून नेलं नाही, तिने झाडांच्या गप्पा मारू नयेत. मी मारते. फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून जास्तच मारते, आणि या फ्लॅटमधून आजवर कोणी एक पानही चोरलेलं नाही. एकदा शेजारीणबाईंना मी मुद्दाम गॅलरीत एकटं सोडलं आणि चहा करायला आत गेले. चहाला नको तेवढा वेळ लावला, आलं दोनदा ठेचलं. बाहेर आले तर त्या माझ्या क्रोटनकडे बघत उभ्या होत्या, इस्पितळात कोणाला भेटायला गेल्यावर आपण उभे राहतो तशा. मला म्हणाल्या, "ह्याला काही औषध घालता की नाही?"

मी चहा पुढे केला.

चोरीचं हे शास्त्र मला शिकवलं माझ्या थोरल्या जावेने. तिला मी वैनी म्हणते. "चोरल्यालां झाड जगतां, मागल्यालां मरतां," हे तिचं ठाम मत, आणि तिच्या बल्कांवातली झाडं बघितल्यावर वाद घालायची कोणाची हिंमत होत नसे. फांदी मागायची नाही. मिळाली तर आभार मानायचे नाहीत, आभार मानले की ती मूळ धरत नाही. घरमालकिणीचं कामही सोपं नाही. तिने बघायचं, पण बघितल्याचं दाखवायचं नाही. पाहुणीचा हात फांदीकडे निघाला की हिने पाठ करून उभं राहायचं आणि कुत्र्याला, कावळ्याला, जो कोणी असेल त्याला ओरडायला लागायचं. ओरडणं जेवढं मोठं, तेवढी चोरी मंजूर. मागणारी ती परकी आणि चोरणारी ती घरची, असा सगळा हिशोब. पुस्तकी शिक्षण झालेल्या माझ्यासारखीला तो समजायला बराच वेळ लागला, आणि समजला असं वाटलं तेव्हाच माती खाल्ली.

मी मूळची इब्रामपूरची, पेडणे तालुक्याच्या पार टोकाची. आमच्या शेतातली गुरं वाट चुकली तर महाराष्ट्रात जातात. तिकडे झाडं होती, रग्गड होती, पण ती जमिनीत. झाड घरात आणून ठेवायचं, त्याला खिडकी दाखवायची, पाणी मोजून द्यायचं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा डिचोलीला आली तेव्हा बल्कांवातल्या डब्यांमधली झाडं बघून दारातच थांबली. मला हळूच म्हणाली, "ह्या झाडान असो काय गुन्यांव केलो गो, ताका डब्यात घातलां?"

सासरचं घर ट्रकांच्या रस्त्याला लागून होतं. तेव्हा खाणी जोरात होत्या. खनिजाने भरलेले ट्रक सकाळपासून एकामागून एक जायचे, आणि त्यांच्यामागून उडणारी लाल धूळ आमच्याकडे मुक्कामाला यायची. ती चहात असायची, उशीच्या अभ्र्यात असायची, लग्नातल्या शालूच्या घडीत तर अजूनही आहे. हळद उतरायच्या आत वैनीने माझ्या हातात ओलं फडकं दिलं आणि सांगितलं, रोज सकाळी झाडांची पानं पुसायची. एकेक पान. खालून तळहात धरायचा आणि वरून फडकं. शाळेच्या बसची वेळ गाठायची असली तरी पानं पुसल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी नार्व्याला प्राथमिक शाळेत शिकवायला जायचे. सकाळी झाडांची तोंडं पुसायची आणि मग पोरांची, असा माझा दिवस सुरू व्हायचा.

माझी पहिली चोरी नार्व्यातलीच. तिकडे नात्यात एक बारसं होतं. वैनी निघाली ती छत्री घेऊन. थंडीचे दिवस, आभाळात ढग औषधाला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "वेळेक बरी." छत्रीचं रहस्य तिकडे गेल्यावर कळलं. मिटलेली छत्री हातात उलटी धरली की तिच्या पोटात हातभर लांबीची फांदी उभीच्या उभी राहते, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. खरं तर लागतो. थंडीत छत्री घेऊन आलेली बाई कशासाठी आली आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं.

त्या घराच्या पायरीशी एक झाड होतं. लांबट, एका बाजूला कलंडलेली पानं, हिरव्यावर पांढरे ठिपके, जणू कोणी चुन्याचं बोट झाडलंय. मी असं झाड आधी बघितलं नव्हतं. वैनीने मला कोपराने ढोसलं. मी वाकले. घरमालकिणीने माझ्याकडे बघितलं, लगेच पाठ केली आणि नारळीवरच्या कावळ्याला शिव्या घालायला लागली. एवढं सगळं जुळून आलं होतं. आणि मी, पदवीधर शिक्षिका, तोंड उघडलं, "मी एक फांदी..." वैनीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द आतच राहिला. फांदी तिने माझ्याच हाताने तोडवली, माझ्याच हाताने छत्रीत टाकवली. दुसऱ्या दिवशी त्याच गावात, नदीपलीकडून येणारा वारा खात, मी मुलांना प्रामाणिकपणावरचा धडा शिकवला. आवाज जरा बारीक लागला असेल.

ती फांदी जगली. जगली म्हणजे काय, उतली मातली. आमच्याकडे तिचं नाव ठिपक्यांचं झाड. बेगोनिया हे त्याचं खरं नाव मला पुष्कळ वर्षांनी मोबाइलवर कळलं, आणि एवढी वर्षं घरात राहणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं याची लाजही वाटली. धुळीमुळे त्या झाडाची दोन रूपं होती. सकाळी पुसल्यावर हिरवं, ठिपकेदार. संध्याकाळी येणाऱ्यांना ते विटकरी दिसायचं, ठिपक्यांचा मागमूस नाही. एक बाई सकाळी येऊन फांदी चोरून गेली आणि पुढे कधीतरी संध्याकाळी येऊन त्याच झाडाची दुसरी चोरून गेली, वेगळी जात समजून. तिची चोरी चालू असताना वैनी रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला ओरडत होती. बल्कांव वैनीचा, त्यामुळे चोऱ्या तिच्या खात्यावर जमा व्हायच्या. पण आल्यागेल्याला ती सांगायची, "ह्यां झाड आमच्या बायचां. तिणां चोरून हाडलां." माझ्या नोकरीचं कौतुक तिने कधी कोणाला सांगितलेलं मला आठवत नाही. हे मात्र ती सांगायची.

आम्ही दोघी जावा एका चुलीवर पुष्कळ वर्षं राहिलो. लोकांना गोष्टी हव्या असतात, पण आमचं कधी जमलं नाही असं झालं नाही. मग खाणी बंद पडल्या. ट्रक थांबले. थोरल्या दिरांचा ट्रक परसात उभा राहिला तो राहिलाच. त्याच्यावर वैनीने कारल्याचा वेल चढवला. धूळ गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचं ठिपक्यांचं झाड दिवसभर ठिपकेदार राहिलं. मी पानं पुसायची मात्र सोडली नाही. सवय.

त्याच सुमाराला आम्ही फ्लॅट घेतला. भांडण नाही, तंटा नाही. नवऱ्याची नोकरी पणजीला, बसस्टँड जवळ पडेल, एवढंच कारण. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे वाटलं, कारण भांडण मिटवता येतं. न झालेलं भांडण कुठून मिटवायचं?

सामान हलवायचं ठरलं आणि माझ्या अंगात शिष्टाचार शिरला. एका घरातून निघताना कोणी म्हणायला नको, धाकटीने हे नेलं, ते नेलं. म्हणून मी प्रत्येक गोष्ट विचारायला लागले. वैनी, हा पाट नेऊ? वैनी, ही आदोळी, नारळ खोवायची, नेऊ? वैनी आधी हसून हो म्हणत होती. मग नुसतंच हो. मग नुसती मान. माझ्या काही लक्षात आलं नाही, मी चांगुलपणाच्या भरात होते. टेंपो दाराशी लागला तेव्हा मी बल्कांवात गेले आणि ठिपक्यांच्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, "वैनी, ह्यां झाड मी व्हरूं?"

ती म्हणाली, "माका इचारतंस?"

तरीही माझी ट्यूब पेटली नाही. मी म्हटलं, "इचारलेलां बरां."

"व्हर," ती म्हणाली. "सगळां व्हर." आणि कुंडी स्वतः उचलून टेंपोपर्यंत घेऊन गेली. मी मागून जाऊन, आता सांगायलाही जड जातं, तिला थँक्यू म्हटलं.

तेवढ्यात मी घरात राहिलेली पिशवी आणायला गेले, आणि फ्लॅटवर पोचल्यावर बघते तर झाडाची सगळ्यात जाड फांदी तुटलेली. मी टेंपोवाल्याला असा फैलावर घेतला की अख्खी बिल्डिंग खाली आली. नव्या शेजाऱ्यांना माझी ओळख झाली ती अशी. तो बिचारा शपथा घेत होता की कुंडीला त्याचा हात लागला नाही. मी म्हटलं, मग काय झाडाने स्वतः तोडून घेतली? नवऱ्याने मला हाताला धरून वर नेलं. पुढच्या चवथीला, म्हणजे गणपतीत, हा सगळा प्रसंग मी वैनीला अभिनयासह सांगितला. ती आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती, मी दारातून सांगत होते. झारा थांबला नाही, ती हसलीही नाही.

झाड अर्थातच मेलं. मागून आणलं होतं, वर आभारही मानले होते. पण मी शास्त्रीय विचारांची असल्याने कारण हवेत शोधलं. मग मी झाडं विकत आणायला लागले. मोबाइलवर घरातल्या झाडांचे गट असतात, तिकडे शिरले. बायका आपापल्या झाडांचे फोटो टाकतात, नवं पान आलं की बारशासारखं अभिनंदन होतं. मीही टाकले. माझ्या फोटोंखाली लोक फुलं टाकायचे नाहीत, हात जोडलेलं चित्र टाकायचे. सारंगीच्या आकाराच्या पानांचं एक महागडं झाड आणलं, ते दिवाणखान्यात ठेवल्यापासून रोज एक पान टाकायचं, नोटिसा पाठवाव्यात तसं. मातीत खुपसायचं एक यंत्र मागवलं. ते ओलावा दाखवतं म्हणतात. आमच्याकडे ते कायम एकच आकडा दाखवत राहिलं, आणि नवऱ्याचं म्हणणं की तो माझ्या रक्तदाबाचा आहे.

आणि मी पानं पुसत होते. रोज सकाळी, खालून तळहात, वरून ओलं फडकं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बसस्टँडजवळच्या फ्लॅटच्या दुसऱ्या मजल्यावर धूळ ती कुठली, खाणी बंद, ट्रक गेलेले, पण माझी झाडं रोज आंघोळीला बसलेली. गटातल्या कोणीतरी शेवटी विचारलं, पानं कुजताहेत ती कशाने, तुम्ही पाणी वरून घालता का? मी लिहिलं, छे, मी फक्त पुसते. किती वेळा, असा प्रश्न आला. मी खरं उत्तर दिलं, आणि खाली पुन्हा हात जोडलेली चित्रं आली. धुळीच्या गावातल्या बाईने स्वच्छतेने झाडं मारली, असं माझ्या नावावर कुठे तरी लिहून ठेवायला हवं.

इब्रामपूरहून आई आली होती तेव्हा तिने गॅलरीत एक फेरी मारली. रिकाम्या कुंड्या एकात एक घालून मी कोपऱ्यात रचल्या होत्या. त्या बघून ती म्हणाली, "बरां केलंस. सुटली बापडी."

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. दुसरी एक गोष्ट नेता येत नव्हती.

आमचा गणपती जुन्या घरीच असतो. फ्लॅटमध्ये गेल्यावर पहिल्या चवथीला मी सकाळीच पोचले, पुढच्या दाराची बेल वाजवली. वैनीने दार उघडलं, म्हणाली, "ये गो, बस." आणि मला कदेल दिली. खुर्ची. ज्या स्वयंपाकघरात मी पदर खोचून, पातेल्यात बोट घालून चव बघत वावरले, तिथे मला कोणी येऊ दिलं नाही. मी उठले तर, "बस, बस, दमलंस तू." गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची रानफळं बांधायला हात लावायला गेले तर कोणीतरी ती आधीच बांधलेली. जेवायला माझं ताट वाढून आलं, केळीच्या पानाच्या टोकाशी मीठ, लिंबू, सगळं शिस्तीत. सोबत पाण्याचा पेला, खाली बशी. आमच्या घरात बशी पाहुण्यांना देतात.

मी सुधारायला गेले आणि आणखी बिघडवलं. रिकाम्या हाताने गेल्यामुळे असं झालं असेल असं समजून पुढच्या वेळी मिठाईचा पुडा नेला. मग एकदा घरी केलेले लाडू, चांगल्या स्टीलच्या डब्यात. तो डबा थोड्याच दिवसांत परत आला. घासलेला, पुसलेला, आणि त्यात वैनीच्या हातच्या करंज्या. मी डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात खाली बसले. नवऱ्याला कळेना काय झालं. त्याला कसं सांगायचं? जुन्या घरात एकत्र होतो तेव्हा माहेरून आलेले माझे डबे वैनीच्या डब्यांत मिसळले, तिचे माझ्यात, आणि कोणाचं झाकण कोणाच्या डब्याला बसतं एवढाच प्रश्न उरला होता. घरच्यांचे डबे परत येत नाहीत. परक्यांचे येतात, आणि रिकामे येत नाहीत. माझा डबा भरून आला होता.

मला त्या घरात पुन्हा बशीशिवाय पाणी प्यायचं होतं. दुसरं काही नको होतं. झाडं मेली तर मेली, नवी आणता येतात. वैनी कुठून आणू? पण हे तिला सांगायचं कसं? 'वैनी, मला परकी समजू नका' असं म्हणणं म्हणजे पुन्हा मागणंच झालं. आणि मागितलेलं काय होतं ते मला माहीत होतं.

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट. चवथ जवळ आली होती. मी चण्याच्या डाळीचं मणगणं, आमच्याकडची खीर, केलं, निळ्या झाकणाच्या डब्यात भरलं, छत्री घेतली आणि जुन्या घरी निघाले. आमच्यात अलीकडे असं होतं की जायच्या आधी मी फोन करायचे. तेही माझंच शहाणपण. त्या दिवशी फोन लागला नाही म्हणून तशीच गेले. जाऊन बघते तर बल्कांवाला नवा रंग लावलेला, ओला, चकचकीत लाल. पायरीवर आडवी फळी ठेवलेली. रंगारी म्हणाला, "फाटल्यान वचात." मागून जा.

मागून मी कधीपासून गेले नव्हते कोण जाणे. एकत्र होतो तेव्हा पुढच्या दाराने कोण यायचं? पाहुणे, बिलं आणणारे आणि मतं मागणारे. घरची माणसं परसातून, भांडी घासायच्या दगडाला वळसा घालून. मी वळसा घातला. कारल्याचा वेल ट्रकच्या टपावर पोचला होता. दगडाजवळ, मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी, जिथे पाऊस पडतो पण झोडपत नाही अशा नेमक्या जागी, एक मोठी कुंडी होती. तिच्यात ठिपक्यांचं झाड.

मी उभीच राहिले. कंबरेएवढं वाढलेलं, हिरवंगार, ठिपके असे स्वच्छ की पुसायची गरज नाही. आम्ही गेल्यावर बल्कांवात तर मी ते कधी बघितलं नव्हतं. बल्कांवातूनच मी आत जात होते आणि तिथूनच बाहेर पडत होते.

तेवढ्यात वैनी दारात आली. हातात खरकटी भांडी होती. तिने मला बघितलं, माझ्या हातातली छत्री बघितली, मी ज्याच्याकडे बघत होते ते बघितलं. आणि माझं तोंड उघडलं. सवयीने उघडलं, नार्व्याला उघडलं होतं तसंच. 'वैनी, मी एक...' हे सगळं ओठांवर आलं होतं. दंडाला चिमटा काढायला ती जवळ नव्हती. मी दात आवळले, एवढे की कानाखाली दुखलं.

वैनीने भांडी खाली ठेवली. माझ्याकडे पाठ केली आणि परसात मांजराला ओरडायला लागली. काय ओरडत होती, शेजारच्या तीन घरांना ऐकू जावं असं. मेल्या, दूध खातंस, उंदीर पकडूक नको, तुका मी दाखयतंय. त्या घरात मांजर नाही. कधीच नव्हतं, दिरांना मांजराच्या केसांनी दमा होतो.

मी वाकले आणि फांदी मोडली. माझ्या वयाला डोळ्यांत पाणी येऊन पुढचं दिसेनासं होणं शोभत नाही, पण झालं खरं, त्यामुळे हवी होती त्यापेक्षा बरीच मोठी फांदी हातात आली. छत्रीत ती मावेना. पानं बाहेर डोकावत होती. मी तशीच छत्री भिंतीला टेकवून ठेवली, पानांसकट, सगळ्यांना दिसेल अशी. मांजर तेवढ्यात पळून गेलं असावं, कारण वैनी गप्प झाली.

आत गेले. मी कदेलीची वाट बघत दारात थांबले. वैनीने माझ्याकडे बघितलंही नाही. पाटावर आदोळी होती, बाजूला फोडलेले नारळ. म्हणाली, "उबी ऱ्हवतंस काय? नारळ खोव मगे. माका हात दुखतत."

मी पदर खोचला आणि बसले. माझी जुनी आदोळी मी त्या वेळी विचारून नेली होती, ही तिने नवी घेतलेली. धार चांगली होती. मी खोवत होते, ती तांदूळ निवडत होती. चवथीला किती नारळ लागतील याबद्दल काहीतरी बोललो. पाणी मागितलं तर तिने मानेनेच घागर दाखवली, मी उठून पेला बुडवून घेतला. बशी कुठे ठेवतात ते मला ठाऊक होतं. मी घेतली नाही.

मग बऱ्याच वेळाने, मी तिसरा की चौथा नारळ घेतला असेन, तांदळातला खडा उचलून बाजूला टाकत वैनी म्हणाली, "त्या टेंपोवाल्याक तू फुकट गाळी घातलंस हां."

माझा हात थांबला. ती खाली बघून तांदूळ निवडत राहिली. टेंपोपर्यंत कुंडी तिनेच नेली होती. मी पिशवी आणायला आत गेले होते. तेव्हा, मी थँक्यू म्हटल्यानंतर आणि टेंपो सुटायच्या आधी, तिने माझ्या झाडाची सगळ्यात जाड फांदी माझ्याकडून चोरली होती, आणि एवढी वर्षं ती मागच्या दाराशी वाढवत बसली होती. मी पुढच्या दाराची बेल वाजवत होते.

चोरीबद्दल बोलायचं नसतं. नारळ खोवून संपवले, हात धुतले आणि मागच्या दाराने निघाले. छत्री घेतली. पाऊस होता, पण छत्री उघडायची सोय नव्हती, भिजत बसस्टँडपर्यंत आले. फांदी लागली आहे. पानं मी पुसत नाही, सकाळी हात शिवशिवतात, पण गॅलरीचं दार लावून घेते.

त्या दिवशीचा निळ्या झाकणाचा डबा मी वैनीकडेच विसरले. तो अजून परत आलेला नाही.